खुलाशाचा खुलासा

…नाही, पण तुम्ही मला सांगा, माणसाने भांडायचं तरी कोणाशी?

तुम्हाला सांगतो, मी मुळात भांडखोर नाही. हसू नका. आमच्या वर्तमानपत्रात कोणालाही विचारा… बरं, कोणालाही नको, परवा परवा रुजू झालेल्या एखाद्याला विचारा. पाणीपुरवठ्याच्या साहेबाशी भांडलो, तर नळाला आलेलं गढूळ पाणी बाटलीत भरून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि मग भांडलो. पुराव्याशिवाय आवाज चढवला नाही कधी. आणि हे एक भांडण तर मी वर्षानुवर्षं अगदी निगुतीने जपून ठेवलं होतं हो. लोक म्हातारपणासाठी काहीबाही राखून ठेवतात, मी एक भांडण राखून ठेवलं होतं. लेकीसाठी.

म्हणजे बघा, चित्र कसं होतं डोळ्यांसमोर. एक दिवस माझी लेक सगळ्यांसमोर उभी राहून म्हणणार, 'मला ट्रम्पेटच वाजवायचंय, दुसरं काही करायचं नाही.' लगेच नातेवाईक तुटून पडणार. 'अगं, फुंकून कोणाचं पोट भरलंय का?' 'छंद म्हणून ठीक आहे गं, पण हातात काहीतरी हवं ना?' 'कॉम्प्युटर शीक, कॉम्प्युटर.' आणि नेमका तेव्हा मी पुढे येणार, चष्मा काढणार, शांतपणे पुसणार, पुन्हा घालणार, आणि मग एकेकाला असा सोलून काढणार की पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकताना दहा वेळा विचार करतील. वाक्यं तयार होती माझी. आंघोळ करताना म्हणून बघायचो. आमची ही बाहेरून दार वाजवायची, 'अहो, कोणाशी बोलताय एवढं?' मी म्हणायचो, 'तुझ्या भावाशी.' ती म्हणायची, 'तो आत आहे?'

एवढी तयारी. आणि झालं काय? कोणी विरोधच केला नाही. नातेवाईक गप्प, शेजारी गप्प, आणि लेक चहाचा कप खाली ठेवून म्हणते, 'बाबा, मी कॉम्प्युटरची नोकरी घेतली.'

आता मला सांगा, भांडायचं कोणाशी?

थांबा, असं मधूनच सांगून कळायचं नाही. ते ट्रम्पेट आलं कुठून, तर शाळेतून. शाळेचा बँड निघाला होता नवीन. सगळ्या पोरांनी आपापली वाद्यं उचलली, ड्रम गेले, झांजा गेल्या, बासऱ्या गेल्या, आणि शेवटी एक पोचे पडलेलं ट्रम्पेट उरलं आणि एक आमची लेक उरली. दोघं एकमेकांकडे बघत होती म्हणे. बँडमास्तरांनी ते तिच्या हातात दिलं आणि ती ते पोटाशी धरून घरी आली, जसं काही रस्त्यात सापडलेलं मांजराचं पिल्लूच. मी म्हटलं, 'वाजव.' तिने गाल फुगवले, डोळे मिटले, लालबुंद झाली… काहीच नाही. नुसती हवा. किती तरी दिवस नुसती हवा. तिने सोडलं नाही. मग एका दुपारी तिच्या खोलीतून आवाज आला आणि मी हातातलं टाकून धावलो, म्हटलं पोरीच्या अंगावर कपाट पडलं. कपाट जागेवर होतं. पोर पलंगावर उभी होती, ओठांवर गोल ठसा, आणि माझ्याकडे अशी बघत होती जसं काही तो आवाज मीच काढला आणि तिला तो फार आवडला. त्या दिवसापासून मी तिला पिपाणी म्हणतो. आता घरात, गल्लीत, कोणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहतात. त्या वर आल्या एकदा. मी तर वाटच बघत होतो. बाह्या सरसावून दार उघडलं आणि सुरू झालो, आवाजाचे नियम, दिवसाच्या वेळा, लहान मुलांचे हक्क, सगळं तोंडपाठ होतं. काकू गळ्यातली मोजपट्टी चाचपत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, 'तुमचं झालं का? मी एवढंच सांगायला आले होते, ती तो लांबलचक एकच सूर धरते ना, तो सकाळी लवकर धरायला सांगा तिला. त्याच्यावर माझी शिवण सरळ येते.'

आता मला सांगा. भांडायचं कोणाशी?

तर अशी पिपाणी वाढली. शाळा झाली, कॉलेज झालं. कॉलेजात शिकली कॉम्प्युटरच, पण मी म्हटलं शिकू दे, एक कागद असलेला बरा, ट्रम्पेट तर आहेच. आणि होतंच हो. रोज सकाळी आधी तो लांब सूर, मग सुरांचे चढउतार, मग पाणी काढायची ती बारीकशी कळ असते ना खाली, ती दाबून आतली थुंकी जुन्या टॉवेलवर झाडणार, तीन कळांना तेल घालणार, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवणार. बाळाला झोपवतात तसं. मी पेपर वाचत बसलेलो असायचो, वाचत काही नसायचो.

आणि मग आमच्या शहराच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटची जागा निघाली. एक जागा, एकच, आणि या जागा अशा असतात की आधीचा माणूस उठेपर्यंत पुढचा म्हातारा होतो. बँडमास्तर स्वतः घरी आले, 'पिपाणी, तू जायचं.' ती गेली. तिथली परीक्षा कशी घेतात माहितीये का तुम्हाला? मध्ये पडदा असतो. परीक्षक पलीकडे. कोण वाजवतंय ते दिसायला नको, ओळखीपाळखी चालायला नकोत. चालण्यावरूनसुद्धा बाई की पुरुष ते कळू नये म्हणून खाली जाड सतरंजी अंथरतात. मला ही पद्धत इतकी आवडली की मी म्हटलं, आमच्याकडे संपादकसुद्धा असेच नेमले पाहिजेत. हे मी संपादकांनाच म्हटलं. ते जाऊ द्या.

दोन दिवसांनी मी कचेरीत बसलोय, समोर रस्त्यांच्या खड्ड्यांची बातमी, आणि फोन वाजला. बँडमास्तर. त्यांचा आवाज एरवी भोंग्यासारखा, त्या दिवशी फुटतच नव्हता. 'घेतली,' म्हणाले. 'तिला घेतली.' एवढंच. मग नाक शिंकरल्याचा आवाज.

आता इथे मी जे केलं ते दुसरा कोणी बाप करूच शकला नसता, कारण दुसऱ्या बापाकडे वर्तमानपत्र नसतं. मी खड्डे बाजूला सारले. सरळ टाईप केलं. 'शहरातील तरुण ट्रम्पेटवादक मुलीची वाद्यवृंदात निवड. लवकरच रुजू होणार.' फोटो माझ्या पाकिटात होताच. एक कॉलम, पान तीन, उजवीकडे वर. पानं लावणारा म्हणाला, 'सर, बातमी पक्की ना?' मला विचारतो. मला. ज्याने इतकी वर्षं पोरापोरींना एकच गोष्ट शिकवली, की बाबांनो, एका तोंडाने सांगितलेली ती बातमी नव्हे, दुजोरा कुठाय, दुसऱ्या बाजूला विचारलंत का, ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला फोन केलात का. कित्येकांच्या बातम्या फाडून परत दिल्या मी. माझ्या स्वतःच्या एकाही बातमीवर आजतागायत खुलासा छापावा लागला नव्हता, हे माझं एकमेव वैभव. मी त्या पोराला म्हटलं, 'माझी मुलगी आहे ती. घरच्या गोष्टीला कसला दुजोरा?'

सकाळी पेपर मीच टेबलावर ठेवला, पान तीन वर येईल असा घडी घालून. पिपाणी आली, चहा घेतला, वाचलं. मी तोंड पेपराच्या दुसऱ्या पुरवणीत घालून बसलोय. हसू आवरत नाहीये.

'बाबा.'

'अं?'

'रुजू होणार, हे कोणी सांगितलं तुला?'

'म्हणजे काय, बँडमास्तरांचा फोन आला, निवड झाली.'

'निवड झाली. रुजू होणार हे कोणी सांगितलं?'

तुम्हाला सांगतो, समोर मोठमोठे मंत्री बसवून मी हा प्रश्न विचारलाय, ह्याच सुरात, ह्याच थंडपणाने, आणि त्यांना घाम फुटलेला बघितलाय. तो प्रश्न समोर बसून ऐकणाऱ्याला कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

'मी त्यांना कालच नाही म्हणून कळवलं,' ती म्हणाली. 'परीक्षा दिली कारण मास्तरांची फार इच्छा होती, आणि मलाही बघायचं होतं, मी तिथपर्यंत पोचते का. पोचले. पण मी टेस्टिंगची नोकरी घेतलीये, बाबा. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. आज तुला नीट बसून सांगणार होते. तू छापून मोकळा झालास.'

आणि रागावली नाही हो. तेच तर. रागावली असती तर दोन शब्द मीही बोललो असतो. कप विसळला, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला, 'तू शांत बस थोडा वेळ,' म्हणाली आणि गेली.

भांडायचं कोणाशी?

कचेरीत पोचतोय तोच संपादकांचं बोलावणं. हे संपादक माझ्याच हाताखाली शिकलेले, मला अजून सर म्हणतात, त्यामुळे त्यांना मला झापायचं असलं की फार कष्ट पडतात. 'सर, बसा ना. पाणी घ्या ना.' मग म्हणाले, 'एका बाईंचा फोन होता. त्यांचा मुलगाही त्या परीक्षेत होता, दुसरा आला. काल त्याला वाद्यवृंदातून कळवलं, जागा तुझी. आज आपल्या पेपरात आपल्याच… तुमच्याच मुलीचं नाव. तो मुलगा सकाळपासून खोलीतून बाहेर आलेला नाही. बाई रडत होत्या, सर. खुलासा छापावा लागेल.'

आला तो शब्द. मी म्हटलं, छापू, जरूर छापू, चूक माझी आहे. पण संध्याकाळपर्यंत वेळ द्या. कारण मला अजून बातमीच कळलेली नाही. अहो, जी पोर नुसत्या हवेवर किती तरी दिवस फुंकत बसली, ती ऐन वेळी, जागा हातात आलेली असताना नाही म्हणते? आपणहून? शक्यच नाही. कोणीतरी तिच्या कानाशी लागलंय. कोणीतरी तिला घाबरवलंय. आणि त्या माणसाचं नाव मला कळलं पाहिजे. मला दुसरं काही नको होतं हो. ट्रम्पेट नाही तर नाही, पण तिने ते कोणाच्या धाकाने टाकू नये. एवढंच.

पहिला संशय घरातच. आमची ही शाळेत भूगोल शिकवते. मधल्या सुट्टीत गाठली तिला, शिक्षकांच्या खोलीत, पृथ्वीचा गोल पुसत होती. मी म्हटलं, 'तू सांगितलंस का तिला, ही नोकरी घे म्हणून?' तिने गोल फिरवायचा थांबवला. 'मी? मी तिला म्हटलं, अगं मिळाली तर घे ती जागा, घरात एक तरी माणूस सुरात बोलेल.' 'मग तुला माहीत होतं?' 'नोकरीचं मला आठवडाभर माहितीये.' 'आणि मला नाही सांगितलं?' 'तिने सांगितलं होतं, बाबाला मी सांगते, तुम्ही कोणी बोलू नका, तो लगेच मोर्चा काढेल.' शेजारच्या टेबलावर वह्या तपासणाऱ्या बाईंनी हसू दाबलं. मोर्चा म्हणे. एकटा माणूस मोर्चा कसा काढेल?

मग मी गेलो मेहुण्याकडे. ज्याच्याशी आंघोळीत इतकी वर्षं भांडलो, तो खरा. मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आम्ही त्याला अपडेट म्हणतो, कारण भेटला की पहिलं वाक्य, 'दाजी, काय अपडेट?' मी म्हटलं, आज देतो तुला अपडेट. त्याच्या काचेच्या इमारतीत गेलो, छातीवर पाहुण्याचं कार्ड लटकवून घेतलं, आणि त्याला मीटिंगच्या खोलीतच धरला. 'तू भरवलंस ना तिच्या डोक्यात?'

त्याने दार लोटून घेतलं. 'दाजी,' म्हणाला, 'शपथेवर सांगतो, मी तिला हात जोडले. म्हटलं या धंद्यात येऊ नकोस, माझी मान बघ, माझी पाठ बघ, मी जेवताना डब्याकडे बघत नाही, स्क्रीनकडे बघतो. तिने सगळं ऐकलं, आणि मलाच विचारलं, मामा, तुला काय व्हायचं होतं?'

'मग?'

'मग काय? मला पाट्या रंगवायच्या होत्या, दाजी. दुकानांच्या. आमच्या रस्त्यावर एक पेंटर होता, शिडीवर चढून कशी अक्षरं काढायचा. ब्रश टेकवला की एका दमात वळण. मी शाळा बुडवून बघत बसायचो.' मी मान वळवली तर मागे तो पांढरा फळा, मीटिंगचे विषय लिहिलेले. सर्व्हर, ग्राहकांच्या तक्रारी, सुट्ट्यांचं नियोजन. पण अक्षर… तुम्हाला सांगतो, इतकं देखणं अक्षर मी दुकानाच्या पाटीवरसुद्धा पाहिलं नाही. जाड रेघ, बारीक रेघ, खाली हलकीशी सावली. सुट्ट्यांच्या नियोजनाला सावली. 'कोणी पुसत नाही,' तो म्हणाला. 'दुसऱ्या टीमवाले शेजारचा फळा वापरतात.' आणि लाजला, ह्या वयात.

ज्याला सोलून काढायचं म्हणून इतकी वर्षं वाक्यं घोटली, त्याच्या पाठीवर थोपटून मी खाली उतरलो. कार्ड परत द्यायला विसरलो, ते अजून माझ्याकडे आहे.

राहिले बँडमास्तर. ते काही संशयित नव्हते, ते माझ्या बाजूचे. मी म्हटलं, निदान ते तरी माझ्याबरोबर संतापतील, दोघं मिळून कोणाशी तरी भांडू. शाळेच्या वाद्यांच्या खोलीत बसले होते, मांडीवर एक ट्रम्पेट उघडून, कळा काढून फडक्यावर ओळीने मांडलेल्या. मी म्हटलं, 'बघितलंत काय केलं तिने?'

'मला सांगून गेली,' ते म्हणाले. 'काल. तुमचा पेपर छापत असेल तेव्हा.'

'तुम्ही रागावला नाहीत?'

'रागावलो की. चांगला ओरडलो. ती हलली नाही. मग म्हटलं, बस, मला सांग तरी, तिथे करणार काय तू. आणि ती बोलायला लागली. अहो, ह्या खोलीत ती पोर इतकी वर्षं येते, तोंडाला कायम ते लावलेलं, मला तिचा आवाज धड माहीत नव्हता. काल बोलत होती, बोलत होती, उभी राहून, हातवारे करून. मला त्यातलं काही कळलं नाही. पण पाठीचा ताठा बघत होतो मी. श्वास खालून येत होता, पोटातून. मी शिकवलाय तसा.' त्यांनी एक कळ उचलून उजेडात धरली. 'मला वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू. पण राग नाही राहिला.' मग माझ्याकडे वळले. 'तुम्ही विचारलंत का तिला, काय करणार ते?'

दिवसभर मी सगळ्यांना विचारत फिरलो होतो, कोणी सांगितलं, कोणी भरवलं, कोणी, कोणी, कोणी. ती काय करणार हे मी तिला विचारलंच नव्हतं.

घरी आलो. पिपाणी जेवणाच्या टेबलावर बसून नोकरीचे कागद भरत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, 'हे टेस्टिंग म्हणजे काय?'

तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, ह्यात काही डाव आहे का म्हणून. मग सांगायला लागली. मुलाखतीत तिला एक प्रोग्राम दिला होता, दवाखान्याची वेळ घ्यायचा. म्हणाले, शोध काय चुकतंय ते. 'बाकी सगळे सगळं बरोबर करणाऱ्या माणसासारखे वागून बघत होते,' ती म्हणाली, 'मी घाबरलेल्या माणसासारखी वागले. घाबरलेला माणूस काय करतो? अर्ध्यात थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो, बटण दोनदा दाबतो. मी तसं केलं. तर काय झालं सांगू, डॉक्टरांची ती वेळ भरलेली दिसायला लागली, आणि त्या वेळेवर माणूस कोणीच नाही. माणूस गायब.'

'मग?' मी खुर्ची पुढे ओढली.

'त्यांना सांगितलं. ते म्हणाले, असं कोणी करत नाही.'

'असंच म्हणतात. सगळे असंच म्हणतात. तो पाणीपुरवठ्यावाला…'

'माहितीये, बाटली. मी त्यांना म्हटलं, बसा, करून दाखवते.'

'दाखवलंस?'

'चार वेळा. प्रत्येक वेळी माणूस गायब.'

'शाब्बास,' मी टेबलावर हात आपटला, 'मग ते काय…' आणि थांबलो. स्वयंपाकघराच्या दारात आमची ही उभी होती, हाताला पीठ, मजा बघत. 'काय हो,' म्हणाली, 'सापडला का, तिच्या कानाशी लागलेला माणूस?'

अहो, शाळा सुटल्यावर ही पोर माझ्या कचेरीत यायची. आई घरी येईपर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर ती पेटी घेऊन. आम्हाला वाटायचं, कंटाळून बसलीये. ती ऐकत बसायची. 'तू फोनवर विचारायचास ना,' ती म्हणाली, 'तुम्ही स्वतः पाहिलंत का, दुसरं कोण म्हणतं, कागद कुठाय. मला ते फार आवडायचं, बाबा. मला वाटायचं, मोठं झालं की सगळ्यांना हेच काम असतं. समोरचा म्हणतो सगळं ठीक आहे, आणि आपण बोट ठेवायचं, हे इथे ठीक नाही.'

घ्या. दिवसभर पायपीट करून आरोपी सापडला तो हा. आता भांडायचं कोणाशी? आरशाशी?

पण खरं सांगू, मला भांडायचंच नव्हतं आता. मी इतका फुगलो होतो की त्या बँडमधल्या ड्रमात मावलो नसतो. त्या भरात कचेरीत परत गेलो आणि खुलासा लिहायला घेतला. चांगला पानभर लिहिला. दुसऱ्या आलेल्या त्या मुलाचं मनापासून अभिनंदन केलं, त्याच्या आईची माफी मागितली, टेस्टिंग म्हणजे काय ते समजावलं, घाबरलेला माणूस घातला, लेकीबद्दल एक परिच्छेद असा लिहिला की टाईप करताना दोनदा चष्मा पुसावा लागला. संपादकांनी वाचलं, डोळे टिपले आणि म्हणाले, 'सर, खुलासा दोन वाक्यांचा असतो.' आणि कापला. मीच शिकवलंय त्याला कापायला. उरलं ते एवढं: वाद्यवृंदातील जागी अमुक तरुणाची निवड झाली आहे. कालच्या वृत्तात उल्लेख केलेल्या युवतीने ट्रम्पेट सोडून तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरी स्वीकारली असून, चुकीबद्दल दिलगीर आहोत.

नीट, सुटसुटीत. मी स्वतः दोनदा तपासला. त्या मुलाच्या आईचा सकाळी फोन आला, आभार मानले, पोरगा जेवला म्हणाल्या. मी निवांत.

पिपाणी आली. चहा घेतला. पेपर उघडला. आणि ह्या वेळी कप खाली ठेवताना आवाज झाला.

'सोडून?'

'अं?'

'ट्रम्पेट सोडून. हे कोणी सांगितलं तुला?'

'अगं, म्हणजे… नोकरी घेतलीस ना तू… तर मग…'

'मी त्या खुर्चीला नाही म्हटलं, बाबा. ट्रम्पेटला कधी म्हटलं?' आणि आता मात्र तिचा आवाज बदलला. जी पोर काल सगळ्या गावासमोर तोंडघशी पडली तरी रागावली नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी. 'वाद्यवृंदात काय असतं माहितीये? बाकीचे वाजवत असतात तेव्हा आपण मोजत बसायचं. मोजायचं, मोजायचं, मग चार सूर, मग परत मोजायचं. मला तेही आवडलं असतं. पण मला ट्रम्पेट इतकं आवडतं ना, की त्याच्यावर कोणाची हजेरी नकोय मला. माझं मला ठेवायचंय ते. आणि तू छापून टाकलंस, सोडलं म्हणून. सगळ्यांना वाटेल मी सोडलं.'

एकदा नाही विचारलं तर म्हणता येतं, बाप आहे, हुरळून गेला. दुसऱ्यांदा? दोन दिवसांत दोनदा, तेच पान, तीच मुलगी, आणि समोरच्या खुर्चीवर बसलेली असताना विचारलं नाही. मी नुसता मान खाली घालून बसलो. आमची ही सुद्धा काही बोलली नाही, म्हणजे बघा.

पिपाणी उठून खोलीत गेली. दार लावलं. मग नुसती हवा ऐकू आली, ओठ जमत नव्हते तिचे, रडल्यावर ओठ जमत नाहीत म्हणे. आणि मग तो सूर आला. एकच, लांब, सरळ. थरथरला, सावरला, आणि थांबेचना. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो आणि तो संपेपर्यंत मीही श्वास सोडला नाही, काही कारण नसताना.

संपल्यावर आतून आवाज आला, 'बाबा, तू दाराबाहेर आहेस ना?'

म्हटलं, 'हो.'

'ऐकलंस?'

'ऐकलं.'

'मग लिही आता.'

तसाच गेलो संपादकांकडे. म्हटलं, खुलाशात चूक आहे, नवा खुलासा द्या. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. 'सर, खुलाशाचा खुलासा? आजवर कोणी छापलाय? लोक हसतील हो आपल्याला. आणि पुन्हा त्यात तुमच्या हातून काही राहिलं तर?' मी भांडलो. आवाज चढवला, टेबल वाजवलं, इतकी वर्षं साठवलेलं सगळं बाहेर काढलं. त्यांनी माझंच एक जुनं वाक्य मला ऐकवलं, की घरच्या माणसाची बातमी घरच्या माणसाने लिहू नये. आता ह्यावर काय भांडणार?

तर पेपरात काही ते यायचं नाही. म्हणून हे असं, भेटेल त्याला थांबवून तोंडी सांगत फिरतोय. आमच्या लेकीने ट्रम्पेट सोडलेलं नाही. सोमवारपासून नोकरीला जाते आणि रोज वाजवते. तुम्हीही चार लोकांना सांगा. फक्त सांगण्याआधी एकदा तिला विचारून घ्या.